दोन भेटींच्या मधले दिवस



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला आहे त्या सरांविषयी प्रास्ताविकात इतकं चांगलं बोलून झालं आहे की मी त्यात भर घालायला गेलो असतो तर सरांनीच मला खाली बसवलं असतं. पाल्हाळ त्यांना खपत नसे. तेव्हा थेट विषयाकडे वळतो.

मी मेंदूविकारांचा डॉक्टर आहे. आजचा विषय आहे मल्टिपल स्क्लेरोसिस. पेशंट आणि आम्ही सगळेच त्याला नुसतं ‘एमएस’ म्हणतो. या आजारावर लक्ष ठेवायला खिशातला फोन आणि मनगटावरचं घड्याळ कितपत कामाला येतं, याविषयी मला बोलायचं आहे. पण फोनकडे येण्याआधी दोन जुन्या डायऱ्यांची गोष्ट सांगतो.

ऑगस्टस डेस्टे हा इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज याचा नातू. डिसेंबर १८२२मध्ये, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, तो स्कॉटलंडच्या डोंगराळ भागात एका नातलगाला भेटायला गेला. त्या नातलगावर त्याचा वडिलांइतका जीव होता. पोचला तर नातलग गेलेला. अंत्यविधी उरकला आणि त्यानंतर लवकरच ऑगस्टसच्या लक्षात आलं, की आलेली पत्रं आपल्याला वाचता येत नाहीत. ती दुसऱ्याकडून वाचून घ्यावी लागली. पुढे काही औषधपाणी न करता नजर परत आली. १८२७मध्ये फ्लोरेन्सला असताना एकाच्या जागी दोन दिसू लागलं. तेही ओसरलं. मग पायांतली ताकद गेली, थोडी परत आली, बधिरपणा आला. शेवटी चाकाची खुर्ची आली. हे सगळं तो लिहून ठेवत गेला. १८४८मध्ये तो वारला तेव्हा या आजाराला नावसुद्धा नव्हतं. पॅरिसच्या साल्पेत्रिएर रुग्णालयात जाँ-मार्तँ शार्को यांनी त्याचं व्यवस्थित वर्णन केलं ते १८६८मध्ये. आज ती डायरी कुठल्याही न्यूरॉलॉजिस्टपुढे ठेवा, दोन पानं वाचून तो निदान सांगेल.

दुसरी डायरी ब्रूस कमिंग्ज या तरुणाची. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये तो कीटकांवर काम करायचा. डब्ल्यू. एन. पी. बार्बेलियन या टोपणनावानं त्याची डायरी १९१९मध्ये छापून आली आणि त्याच वर्षी, जेमतेम तिशीत, तो गेला. १९१५च्या नोव्हेंबरात त्याला सैन्यभरतीच्या तपासणीचं बोलावणं आलं होतं. त्याच्या डॉक्टरनं तिथल्या डॉक्टरला द्यायला एक बंद पाकीट दिलं. तपासणाऱ्यानं ते न उघडताच त्याला नापास केलं. परतीच्या वाटेवर कमिंग्जनं पाकीट फोडलं आणि स्वतःच्या आजाराचं नाव त्याला तिथे पहिल्यांदा कळलं. नंतर त्याला हेही समजलं, की त्याच्या बायकोला लग्नाआधीच सगळं सांगितलेलं होतं.

डेस्टेजवळ बारीकसारीक नोंद होती, पण तिचा अर्थ लावणारा कुणी नव्हता. कमिंग्जबद्दलची माहिती इतरांजवळ होती, त्याच्याजवळ नव्हती. फोन आणि घड्याळांबद्दल मला जे म्हणायचं आहे ते याच दोन गोष्टींभोवती फिरतं. नोंद वाचतो कोण? आणि ती असते कुणाच्या हातात?

आजाराविषयी थोडं सांगायला हवं. आपला मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याची नस यांतल्या तंतूंवर मायलिन नावाचं स्निग्ध आवरण असतं. त्याच्यामुळे संदेश झपाट्यानं जातो. एमएसमध्ये शरीराची प्रतिकारशक्तीच या आवरणावर उलटते. आवरण जिथे झिजतं तिथे संदेश मंदावतो, कधी अडतो. जागा डोळ्याच्या नसेतली असेल तर नजर धूसर होते. मज्जारज्जूतली असेल तर पायाला मुंग्या, जडपणा, लघवीची घाई. लहान मेंदूकडची असेल तर तोल जातो, हात थरथरतो. त्यामुळे एका पेशंटचा एमएस दुसऱ्यासारखा नसतो. जगात सुमारे २८ लाख लोकांना हा आजार असावा, असा २०२०चा अंदाज आहे. बायकांमध्ये तो पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट. सुरुवात बहुतेक वेळा विशी ते चाळिशीच्या दरम्यान होते, म्हणजे नोकरी, लग्न, मुलंबाळं हे सगळं ज्या वयात चाललेलं असतं त्याच वयात.

आपल्याकडे हा आजार नाहीच, असं बरीच वर्षं समजलं जायचं. थंड देशांतल्या गोऱ्या लोकांचा आजार म्हणून पाठ्यपुस्तकात दोन ओळी असायच्या. डॉ. नोशीर वाडिया यांनी मुंबईतल्या पारशी समाजात एमएस शोधून मोजला आणि १९९०मध्ये तो जगापुढे मांडला. पुढे गावोगावी एमआरआय आले आणि ज्यांना वर्षानुवर्षं ‘वाताचा त्रास’ किंवा ‘टेन्शन’ म्हणून परत पाठवलं जात होतं, त्यांच्या मेंदूत पांढरे ठिपके दिसायला लागले. मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया मुंबईत १९८५मध्ये सुरू झाली. आणि २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात जे एकवीस प्रकार धरले आहेत, त्यांत एमएसचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. हे शेवटचं मुद्दाम सांगतो, कारण कित्येक पेशंटना ते ठाऊक नसतं.

आता मुख्य अडचणीकडे येतो. स्थिर असलेल्या पेशंटला मी साधारण चार-सहा महिन्यांतून एकदा पाहतो. वेळ फार तर वीस मिनिटं. त्यात हातोडीनं गुडघे ठोकायचे, डोळे तपासायचे, बोट नाकाला लावायला सांगायचं, व्हरांड्यात चालवून बघायचं, औषधं लिहायची, एमआरआयची फिल्म बघायची आणि घरच्यांच्या शंका ऐकायच्या. त्या वीस मिनिटांवरून मी पुढच्या सहा महिन्यांचं ठरवतो. आजार मात्र चोवीस तास चालू असतो. पेशंट सकाळी आला तर ताजातवाना, संध्याकाळी आला तर पाय ओढत. रांगेत दोन तास बसून आला तर आणखी वेगळा.

अपंगत्व मोजायला आमच्याकडे एक पट्टी आहे. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत काम करणाऱ्या जॉन कर्ट्झकी यांनी १९५५मध्ये तिचा पहिला आराखडा केला आणि १९८३मध्ये ती वाढवून मांडली. ईडीएसएस म्हणतात तिला. शून्य म्हणजे तपासणीत काही दोष नाही आणि दहा म्हणजे एमएसनं मृत्यू. मधल्या पायऱ्या अर्ध्या-अर्ध्याच्या. चारच्या पुढे ही पट्टी जवळजवळ सगळी चालण्यावर उभी आहे. आधाराशिवाय, न थांबता ५०० मीटर चालता आलं तर चार. ३०० मीटर तर साडेचार. २०० तर पाच. १००वर साडेपाच. शंभर मीटरसाठी काठी लागली की सहा. दोन्ही बाजूंनी आधार घेऊन कसेबसे वीस मीटर, की साडेसहा. सात म्हणजे चाकाची खुर्ची.

मला सांगा, आपल्या कुठल्या ओपीडीत पेशंटला पाचशे मीटर चालवून बघतात? जागा कुठे आहे? वेळ कुठे आहे? आम्ही विचारतो, ‘किती चालता येतं?’ आणि पेशंट अंदाजानं सांगतो. मीटरमध्ये कुणी सांगत नाही. ‘मंडईपर्यंत जाते चालत, येताना रिक्षा करते.’ ‘पूर्वी स्टेशनचा पूल एका दमात चढायचो, आता मधे थांबतो, फोन बघतोय असं दाखवतो.’ खरं सांगायचं तर ही उत्तरं त्या पट्टीपेक्षा किती तरी जास्त बोलकी आहेत. पण कागदावर मी ४.५ असा आकडा टाकतो आणि ते वाक्य हरवतं. शिवाय ही पट्टी परदेशी घरांतली आहे. जमिनीवर मांडी घालून बसणं, तिथून हाताचा टेका न घेता उठणं, भारतीय पद्धतीच्या संडासात बसणं, एसटीची उंच पायरी चढणं, यांतलं काहीच ती विचारत नाही. माझ्या अनेक पेशंटचं पहिलं रडगाणं मात्र नेमकं याच ठिकाणी सुरू होतं.

आणि हळूहळू होणारी घसरण तर या पट्टीच्या दोन खुणांमधून सरळ निसटून जाते. गेल्या काही वर्षांत एमएसच्या अभ्यासकांचं लक्ष तिथेच लागलं आहे. पूर्वी आम्ही समजायचो की नुकसान होतं ते ‘रिलॅप्स’मध्ये, म्हणजे आजाराच्या उचलीत. दृष्टी गेली, पाय गेला, स्टेरॉइडची सलाइन लावली, पुष्कळसं परत आलं. आताच्या औषधांनी रिलॅप्स पुष्कळ आवाक्यात आले आहेत. पण रिलॅप्स न येताही कित्येकांची चाल वर्षागणिक थोडी मंदावते, हात थोडा अडखळतो. एमआरआय स्थिर, डॉक्टर खूश, आणि पेशंट म्हणतो, ‘काही तरी कमी होतंय.’ ते ‘काही तरी’ पकडायला रोजच्या जगण्याच्या जवळचं काही तरी हवं.

इथे फोन येतो. तुमच्या फोनमध्ये त्वरणमापक असतो. सिलिकॉनचा सूक्ष्म तुकडा, तितक्याच सूक्ष्म स्प्रिंगांवर टांगलेला. फोन हलला की तो हलतो, आणि तीन दिशांनी किती झटका बसला हे कळतं. फोन आडवा केल्यावर चित्र आडवं होतं ते याच्यामुळे. पाऊल टाकलं की ठराविक लयीत झटका बसतो. त्या लयीवरून पावलं मोजली जातात. शेजारी वळणं मोजणारा गायरोस्कोप असतो. म्हणजे चाल, तोल आणि वळताना होणारी अडखळ मोजण्याची यंत्रं आपण आधीच विकत घेऊन बसलो आहोत.

रोश या औषध कंपनीनं ‘फ्लडलाइट’ नावाचं एक ॲप यावर बांधलं. पहिला प्रयोग ७६ एमएस पेशंट आणि २५ निरोगी माणसं यांच्यावर, २४ आठवडे झाला. बार्सिलोना आणि सॅन फ्रान्सिस्को इथे. चाचण्या अगदी घरगुती. पडद्यावर टोमॅटो दिसतो, तो दोन बोटांच्या चिमटीत पकडून चिरडायचा, अर्ध्या मिनिटात जमतील तेवढे. गोल, चौकोन, इंग्रजी आठ, वळसे असे आकार बोटानं गिरवायचे. सरळ उभं राहून तोल सांभाळायचा. पाच-सहा वेळा चालत जाऊन वळायचं. दोन मिनिटं चालायचं. खुणा आणि आकडे जुळवायची एक चाचणीही होती, डोकं किती भरभर चालतं ते बघायला. यांतल्या बऱ्याच चाचण्यांचे निकाल दवाखान्यातल्या जुन्या चाचण्यांशी बऱ्यापैकी जुळले. मला त्यातली वळण्याची चाचणी सगळ्यांत हुशारीची वाटते. सरळ चालताना पेशंट पुष्कळ निभावून नेतो. वळताना पायांचा खरा हिशेब उघडा पडतो. व्हरांड्याच्या टोकाला पेशंट कसा वळतो, हे आमचे गुरुजन आम्हाला बघायला लावायचेच.

त्याहून साधा प्रयोग सॅन फ्रान्सिस्कोच्याच कॅलिफोर्निया विद्यापीठातला, २०१९मध्ये प्रसिद्ध झालेला. ९५ एमएस पेशंटच्या मनगटाला फिटबिटचा पट्टा बांधला आणि वर्षभर पावलं मोजली. चाचणी नाही, टोमॅटो नाही, नुसतं जगायचं. ज्यांची सुरुवातीची सरासरी दिवसाला ४,७६६ पावलांच्या खाली होती, त्यांच्यात वर्षअखेर लक्षणीय अपंगत्व असण्याची शक्यता बरीच जास्त निघाली. आणि वर्षभरात ज्यांची पावलं घटत गेली, त्यांच्या तपासणीतही घसरण दिसण्याची शक्यता जास्त. तो आकडा पाठ करू नका. तो त्या लोकांचा, त्या शहराचा, त्या पट्ट्याचा आकडा आहे. अर्थ आहे तो एकाच माणसाची या वर्षीची रेघ त्याच्याच गेल्या वर्षीच्या रेघेशेजारी ठेवण्यात.

ॲमस्टरडॅममधल्या संशोधकांनी तर टायपिंगचा वेग घेतला. काय लिहिलं ते नाही. कळ किती वेळ दाबलेली राहिली, एका कळीवरून दुसरीवर जायला किती वेळ लागला, एवढंच. त्यावरून हाताच्या अपंगत्वाचा अंदाज लागतो. चाकाच्या खुर्चीत असलेल्यांसाठी हे फार मोलाचं आहे. पावलं शून्य झाल्यावर पावलं मोजणाऱ्या घड्याळाला त्यांच्याविषयी बोलण्यासारखं काही उरत नाही, पण व्हॉट्सॲप ते रोज करतात.

आता उन्हाळ्याविषयी. एमएसच्या पेशंटसमोर आपल्या प्रांतात हा शब्द जपून उच्चारावा लागतो. जर्मन नेत्रतज्ज्ञ विल्हेल्म उथॉफ यांनी १८९०मध्ये नोंदवून ठेवलं होतं, की काही पेशंटची नजर श्रमानंतर मंदावते आणि विसाव्यानं परत येते. पुढे कळलं की मूळ कारण अंगातली उष्णता. मायलिन गेलेल्या तंतूतून संदेश कसाबसा पलीकडे जात असतो. शरीराचं तापमान अर्ध्या अंशानं वाढलं तरी तो मधेच अडू शकतो. एमआरआयच्या आधीच्या काळात डॉक्टर संशयित पेशंटला गरम पाण्याच्या टबात बसवून लक्षणं वाढतात का बघत. चाचणी म्हणून! आज वाचताना अंगावर काटा येतो. चंद्रपूर-नागपूरकडच्या पेशंटना टबाची गरज नाही, मे महिना पुरतो.

यात एक व्यवहारातला धोका आहे. उन्हात पाय जड झाले की पेशंट घाबरतो, ‘रिलॅप्स आला’ म्हणतो आणि जवळचा डॉक्टर स्टेरॉइड लावून मोकळा होतो. खऱ्या रिलॅप्सची खूण अशी, की नवं किंवा वाढलेलं लक्षण किमान चोवीस तास टिकतं आणि त्यामागे ताप किंवा संसर्ग नसतो. लघवीच्या संसर्गानंसुद्धा पाय जातात आणि अँटिबायोटिकनं परत येतात. फोनची रोजची रेघ इथे फार कामाची ठरते. दुपारी घसरली आणि रात्री कुलरसमोर बसल्यावर सावरली, तर ते ऊन. तीन दिवस खालीच राहिली, तर डॉक्टरला फोन. अमेरिकेत २०१७मध्ये सुरू झालेल्या ‘एलिव्हेट-एमएस’ या ॲपच्या अभ्यासात पेशंटच्या गावचं तापमानही जोडून पाहिलं होतं. गरम दिवशी फोनवरच्या चाचण्यांमधली कामगिरी खाली येत होती. उथॉफ यांचं निरीक्षण सव्वाशे वर्षांनी लोकांच्या खिशातून परत सिद्ध झालं म्हणायचं.

इथवर ऐकून वाटेल की मी घड्याळं विकायला आलो आहे. तसं नाही. ही यंत्रं काय बघत नाहीत तेही सांगतो.

फोन बाईच्या खिशात असतो असं ही यंत्रं बनवणारे धरून चालतात. साडीला खिसा नसतो. फोन ओट्यावर, टीव्हीशेजारी किंवा पर्समध्ये. दिवसभर घरात शंभर फेऱ्या मारून ती बाई संध्याकाळी बघते तर पावलं चारशे. म्हणजे यंत्राच्या मते ती आजारी आणि भाजीला जाताना फोन सोबत नेणारा तिचा नवरा ठणठणीत. मनगटावर घड्याळ असेल तर हे थोडं सुटतं, पण वॉकर किंवा जिन्याचा कठडा धरला की हात हलत नाही आणि पावलं बुडतात. चाल फार मंद झाली की झटकेच इतके सौम्य होतात की यंत्राला ते पाऊल वाटत नाही. याचा अर्थ, ज्याची मोजणी सगळ्यांत जास्त हवी त्याच्याच बाबतीत यंत्र सगळ्यांत जास्त चुकतं. शिवाय पावलं कमी होण्याची कारणं हजार असतात. पाऊस, परीक्षा, सासूबाईंचं आजारपण, घरून काम, नुसता कंटाळा.

थकव्याचं तर विचारूच नका. एमएसमधलं हे फार मोठं दुखणं, आणि ते एमआरआयमध्ये दिसत नाही, तपासणीत दिसत नाही. ‘दिसतेस तर छान की!’ हे वाक्य माझ्या पेशंटना शिवीसारखं लागतं. चेलोवादक जॅकलीन द्यु प्रे हिला १९७१च्या सुमारास बोटांतली संवेदना कमी झाल्याचं जाणवायला लागलं. १९७३च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्कला वाजवताना बोटं तारेवर कुठे आहेत ते तिला डोळ्यांनी बघावं लागत होतं. निदान झालं त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात. तोवर त्याचं खापर मनावरच्या ताणावर फुटत होतं. तिच्या बोटांइतकं संवेदनशील यंत्र तेव्हा जगात नव्हतं, आणि त्यांनी दिलेली बातमी खरी होती. म्हणून पेशंट ‘बिघडलंय’ म्हणत असेल आणि घड्याळ ‘ठीक आहे’ म्हणत असेल, तर मी आधी पेशंटचं ऐकतो. तरुण डॉक्टरांच्या बाबतीत मला भीती वाटते ती याच्या उलट होण्याची. आलेख सपाट आहे, म्हणजे तक्रार मनाची, असं म्हणण्याची नवी सोय होईल.

दुसरी अडचण माणसाच्या स्वभावाची. ॲपवरून चालणारे आठ आरोग्य-अभ्यास एकत्र घेऊन, एक लाखाहून जास्त लोकांची माहिती २०२०मध्ये तपासली गेली. ‘एलिव्हेट-एमएस’ त्यातलाच एक. निम्मे लोक साडेपाच दिवसांत गळाले होते. साडेपाच दिवस! बारशाचीसुद्धा वाट पाहिली नाही. पण त्याच तपासणीत निघालेली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. ज्यांना त्यांच्या डॉक्टरनं ‘हे करा’ म्हणून पाठवलं होतं, ते इतरांपेक्षा सुमारे चाळीस दिवस जास्त टिकले. पैसे दिल्याच्या परिणामापेक्षाही हा परिणाम मोठा होता. कारण उघड आहे. आपण लिहिलेलं कुणी तरी वाचणार आहे, हे माहीत असलं की माणूस लिहितो.

सरांच्या घरामागे पर्जन्यमापक होता, हे इथल्या जुन्या विद्यार्थ्यांना आठवत असेल. रोज सकाळी साडेआठला मिलिमीटर वहीत उतरायचे. पण वहीला शेवटचा एक रुंद रकाना होता, ‘शेरा’. ‘ओढा रस्त्यावर आला.’ ‘भात आडवा झाला.’ ‘रात्री गारा.’ नुसत्या मिलिमीटरवरून त्या वर्षाचं काय झालं ते कळलं नसतं, आणि नुसत्या शेऱ्यांवरून ‘यंदा पाऊस फार’ यापलीकडे काही सिद्ध झालं नसतं. एमएसच्या ॲपमध्ये हा शेऱ्याचा रकाना हवा, आणि तो पेशंटच्या स्वतःच्या भाषेत हवा. आज बहुतेक ॲपमध्ये त्या जागी पाच चेहरे असतात, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. ‘आज चपात्या लाटताना लाटणं सुटलं’ हे त्या पाचांतल्या कुठल्या चेहऱ्यात बसवायचं?

आता कमिंग्जच्या त्या बंद पाकिटाकडे, म्हणजे नोंद कुणाच्या हातात असते याकडे. कोविडच्या टाळेबंदीच्या काळात अमेरिकेत कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी एमएस पेशंटच्या, अर्थात त्यांच्या संमतीनं, फोन आणि घड्याळांतून माहिती घेतली. फोनचा पडदा किती वेळा उघडला, कॉल किती, घराबाहेर किती वेळ, झोप कशी, हृदयाचे ठोके किती. त्यावरून कुणाला नैराश्य येतंय, कुणाचा थकवा वाढतोय, याचा अंदाज बराचसा बरोबर लागला. संशोधन म्हणून उत्तम. पण हेच घटक तुमच्या फोनमधली इतर ॲपही गोळा करत असतात, आणि तिथे नीतिसमिती नसते.

माझ्या काही पेशंट हिंजवडीत, खराडीत नोकरी करतात. ऑफिसात कुणाला आजार सांगितलेला नाही. सांगावा की नाही, हा त्यांचा हक्क. मग कंपनी ‘वेलनेस’ म्हणून सगळ्यांना घड्याळं वाटते आणि दिवसाला दहा हजार पावलांची स्पर्धा लावते. टीमच्या यादीत एक नाव दर आठवड्याला तळाशी. कुणी वाईट हेतूनं काही केलेलं नाही, पण पाकीट फुटलं. विमा कंपन्याही पावलांवर हप्त्यात सवलत देतात. चालणाऱ्याला सवलत म्हणजे न चालणाऱ्याला तेवढा दंडच. आपल्याकडे २०२३मध्ये वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. संमतीशिवाय माहिती घेऊ नये आणि दिलेली संमती परत घेता यावी, ही त्यातली तत्त्वं चांगली आहेत. पण आरोग्याच्या बाबतीत मला ‘मी सहमत आहे’ या बटणावर विश्वास नाही. पाय चालत नाहीत म्हणून घाबरलेला माणूस कुठलंही बटण दाबतो. ही नोंद आधी पेशंटच्या हातात असावी आणि तिथून पुढे कुणाकडे जायची ते त्यानं दर वेळी ठरवावं. हे तंत्रज्ञानाला अवघड नाही. धंद्याला अवघड आहे.

आणि आम्हा डॉक्टरांचंही सांगतो. पेशंटनं सहा महिन्यांचे आलेख ई-मेल केले तर ते वाचायचे कधी? त्या वेळेचे पैसे कोण देणार? रात्री दोन वाजता रेघ घसरली आणि मी सकाळी बघितली तर जबाबदारी कुणाची? परदेशातही यांची उत्तरं अजून चाचपडतच आहेत. मुंबईच्या एखाद्या सार्वजनिक रुग्णालयात सकाळभरात शंभरावर पेशंट बघणाऱ्या डॉक्टरपुढे आणखी एक पडदा ठेवणं म्हणजे थट्टा आहे. माझ्या मते हे काम प्रशिक्षित नर्सचं किंवा फिजिओथेरपिस्टचं आहे. तिनं पंधरा दिवसांतून एकदा रेघ बघावी, काही वेगळं दिसलं तर पेशंटला फोन करून ‘काय झालं?’ एवढं विचारावं, आणि उत्तर माझ्यापर्यंत पोचवावं. आपल्याकडे क्षयरोगाची औषधं घरोघरी पोचवून नीट चालू ठेवणारी माणसं आहेत. हे त्याहून अवघड नाही.

शेवटी तुम्ही विचारणार असाल तो प्रश्न मीच घेतो, कारण प्रत्येक व्याख्यानानंतर चहाच्या वेळी तोच येतो: ‘डॉक्टर, कोणतं घड्याळ घेऊ?’

कुठलंही नको. हातात फोन आहे तो पुरे. घड्याळ आधीपासून असेल तर तेच चालू ठेवा. मधे बदललंत तर जुने-नवे आकडे एकमेकांशी लावू नका, प्रत्येक कंपनीची मोजायची रीत निराळी असते. दवाखान्याची तारीख ठरली की तिच्या आधीचे दोन आठवडे फोन रोज एकाच जागी ठेवून वावरा. कमरेला लावायची छोटी पिशवी रस्त्यावर शंभर-दीडशे रुपयांत मिळते. आकडा दिवसातून एकदाच बघा, रात्री. बघून जीव घाबरत असेल तर बघूच नका, घरातल्या दुसऱ्या कुणाला बघायला सांगा. आकड्यासमोर एक ओळ मराठीत लिहा: ऊन होतं, ताप होता, जिना दोनदा चढले, झोप नव्हती. महिन्यातून एकदा, घरापासून ठराविक दुकानापर्यंत, ठराविक वेळी चालून या आणि किती मिनिटं लागली ते टिपा. सहा महिन्यांनी येताना ही वही घेऊन या. फाइलच्या तळाशी ठेवू नका, वर ठेवा. मी एमआरआयची फिल्म मागेन, तेव्हा आधी वही पुढे करा.

आणि जमिनीवरून उठायला किती त्रास होतो ते मी विचारायचं विसरलो, तर न विचारता सांगा.

प्रश्नांसाठी वेळ ठेवला आहे. मागच्या रांगेपर्यंत माइक पोचत नाही असं दिसतंय, तेव्हा मीच खाली येतो.